कटनंतरची अकरा सेकंदं

दिग्दर्शिका ‘कट’ म्हणाली आणि त्याच्याकडून कॅमेरा बंद करायचा राहून गेला. घडलं ते एवढंच. तीस वर्षांत असं शेकडो वेळा झालं असेल. कॅमेरा छातीशी येतो, बोट बटणापर्यंत पोचायच्या आत कुणीतरी हाक मारतं, आणि कुणाचे तरी पाय, टेबलाची कड, भिंतीचा तुकडा असं काहीबाही फुकट टिपलं जातं. दुपारी जेवणं उरकल्यावर सगळे छोट्या पडद्याभोवती जमले आणि सकाळचं काम बघू लागले. प्रसंग असा होता की नवरा कॅमेरा घेऊन बायकोच्या मागोमाग स्वयंपाकघरात येतो आणि ओट्याखालचे सगळे खण उघडे दिसतात. बायको मागे वळते, किंचाळत नाही, नुसती बघते. कट. त्यानंतरची अकरा सेकंदं तशीच पडद्यावर आली: ओट्याची कड, बायको झालेल्या नटीचं कोपर, चहाचा ग्लास घेऊन आडवा गेलेला प्रकाशवाला, कुणाचं तरी हसणं. आणि ही सगळी चौकट थरथरत होती. मघाशी उघडे खण बघताना थरथरत होती, अगदी तशीच. दिग्दर्शिकेनं मांडीवर थाप मारली. ती म्हणाली, “बघा. कट झाला तरी हे भूमिकेतच आहेत. ह्याला म्हणतात काम.” सगळे हसले, तोही हसला. मात्र त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. कट ऐकलं की थरथर तो दारात चपला काढाव्यात तशी काढून ठेवायचा. त्या दिवशीही त्यानं ती काढून ठेवलीच होती.

त्याला या धंद्यात खांब म्हणत. हल्लीची पोरं खांबकाका म्हणत. हे नाव त्यानं कमावलेलं होतं. ज्या छायाचित्रकाराच्या हाताखाली तो शिकला, त्यानं पहिले सहा महिने त्याला कॅमेऱ्याला शिवूच दिलं नव्हतं. रोज सकाळी हात समोर लांब करायचा, तळव्यावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवायचा आणि रेडिओवरच्या बातम्या संपेपर्यंत उभं राहायचं. युद्धं, पूर, मंत्र्यांची भाषणं, हवामान, सगळं तळव्यावर. थेंब सांडला तर दुपारच्या बातम्यांना पुन्हा. पुढं एका वैद्यकीय महाविद्यालयासाठी त्यानं दोन वर्षं शस्त्रक्रियांचं चित्रण केलं. तिथं तो चार-चार तास स्टुलावर उभा राहून सर्जनच्या खांद्यावरून खाली कॅमेरा धरायचा. एकदा काम संपल्यावर सर्जननं गमतीत त्याला हात पुढं करायला लावला, आपलाही शेजारी धरला आणि नर्सला विचारलं, कुणाचा स्थिर? नर्सनं खांबाकडं बोट दाखवलं. सर्जन म्हणाले, तुम्ही चुकीच्या धंद्यात आलात. ही गोष्ट त्यानं बायकोला इतक्या वेळा सांगितली होती की ती ‘स्टुलावर’ एवढं ऐकलं तरी उठून आत जायची. मग खेळण्याएवढी यंत्रं आली. कॅमेरा त्यांच्यावर बसवला की कुणीही जिना उतरत धावला तरी चित्र लोण्यासारखं सरकायचं. जे मिळवायला त्यानं सहा महिने पाणी तोललं होतं, ते आता डब्यात बंद होऊन भाड्यानं मिळू लागलं. वर्षभर तो जवळजवळ घरीच होता. त्या वर्षात त्यानं घरातलं सगळं दुरुस्त केलं, मग जे मोडलेलं नव्हतं तेही दुरुस्त केलं, आणि बायकोनं हात जोडले.

तेव्हा हे भुतांचे सिनेमे आले. एक रिकामं घर, एक जोडपं, आणि त्या जोडप्यानं स्वतःच केलेलं चित्रण. शेवटी दोघं नाहीशी होतात आणि कॅमेरा तेवढा सापडतो. भूत दाखवायचं नाही, कारण भुताला रंगभूषा लागते, कपडे लागतात, आणि दिसलेलं भूत हसण्यावारी जातं. दार मासे पकडायच्या दोऱ्यानं ओढायचं. पलंगाखाली एक जण आडवा झोपून पलंग पाठीनं उचलणार. खिडक्यांना काळा कागद चिकटवायचा. बाहेर अकराचं ऊन, आत रात्रीचे तीन. आणि चित्र हललं पाहिजे. कॅमेरा नवऱ्याच्या हातात आहे, नवरा घाबरलेला आहे, तेव्हा त्याचा हात हलणारच. यंत्रांना हे जमेना. यंत्र हलवलं की यंत्र हलल्यासारखं दिसे. पोरांना सांगितलं तर ती कॅमेरा सुपासारखा पाखडत. मग कुणाला तरी खांब आठवला. ज्याला हात स्थिर ठेवता येतो, त्यालाच तो पाहिजे तेवढा हलवता येतो, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं. पाच वर्षांत त्यानं सात सिनेमे केले. सातही सिनेमांत नवरा तोच. आवाज दुसऱ्याचा घालत, पण दाराच्या कडीकडं जाणारा डावा हात त्याचा, धाप त्याची, पाय त्याचे. नट्या कॅमेऱ्यात बघून त्याला ‘अरे, ऐक ना’ म्हणत आणि कट झाल्यावर ‘काका, जरा पाणी देता?’ म्हणत. बायकोनं एकच सिनेमा पुरा बघितला होता आणि एकच प्रश्न विचारला होता: घरात एवढं चाललंय तर हा मेला कॅमेरा खाली ठेवून पळत का नाही? त्यानं सांगितलं होतं की ठेवला तर सिनेमा संपला. ती म्हणाली होती, माणूस संपण्यापेक्षा बरं.

त्या दुपारी सगळे कामाला लागल्यावर तो त्या रिकाम्या घराच्या न्हाणीघरात गेला, कडी लावली आणि दोन्ही हात समोर धरले. उजवा गप्प होता. डावाही गप्प दिसला, पण थोडा वेळच. मग अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना घासू लागली, चिमटीत धान्याचा दाणा धरून चोळावा तशी. त्यानं ठरवलं तर ती थांबत होती. ठरवणं सोडलं की पुन्हा सुरू. तो किती तरी वेळ बघत राहिला. दुखत नव्हतं, गार पडलं नव्हतं, मुंग्या नव्हत्या. आपल्याच हाताचं काहीतरी आपल्याला न विचारता चाललंय, एवढंच. आणि त्या हातानं बोलावल्यावर यावं तसं तो आत येऊन, कडी लावून बघत उभा आहे. बाहेरून कुणी तरी दार वाजवलं. त्यानं हात खिशात घातला. पुढचे तीन आठवडे तो हात बहुतेक वेळ खिशातच होता.

त्यानं कारणं शोधली. झोप कमी. चहा जास्त. वय चौपन्न. नवा कॅमेरा जुन्यापेक्षा जड, हे तर त्यानं वजन करून पाहिलं, जड नव्हता. मग त्याला वडील आठवू लागले. मुद्दाम कुणी आठवत नव्हतं, ते आपले रंगाच्या डब्यांसकट येऊन बसत. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. शिडीवर चढून उभ्या उभ्या अक्षरं ओढायचे आणि खाली शिडी धरायचं काम त्याचं. शेवटच्या काही वर्षांत ते एक बारीक काठी पाटीवर टेकवत आणि तिच्यावर मनगट ठेवून रंगवत. लोकांना वाटे, ही जुन्या कारागिरांची ढब. त्यालाही वाटे. एका सकाळी त्यांनी अर्धवट रंगवलेली एक पाटी पुरी केली नाही, ब्रश धुतले, पुसून गुंडाळले आणि घरात सांगितलं की आता डोळे साथ देत नाहीत. घरातल्यांनी हळहळून चष्मा बदलून आणला. नवा चष्मा घालून वडील खिडकीत बसत आणि रस्त्यापलीकडच्या मोटारींचे नंबर मोठ्यानं वाचत. डोळे गेलेल्या माणसाला एवढं लांबचं दिसतं कसं, हे तेव्हा कुणीच विचारलं नाही. तो स्वतः तर शिडीखाली उभा होता, वर बघत होता, आणि त्यालासुद्धा फक्त अक्षरं दिसली होती. चाळीस वर्षांनी एका परक्या न्हाणीघरातल्या पिवळट फरशीवर उभं राहून त्याला कळलं, की डोळे गेले हे म्हणायला सोपं होतं. डोळे सगळ्यांचेच जातात.

सिनेमा रोज थोडा थोडा पुढं सरकत होता. त्याला एक लबाडी सापडली होती आणि तिची त्याला लाज वाटत होती: या सिनेमात काहीच लपवावं लागत नव्हतं. हात जितका हलेल तितकी दिग्दर्शिका खूश. जिन्यावरचा प्रसंग, माळ्यावरचा प्रसंग, कपाटाचा प्रसंग, सगळे पहिल्या झटक्यात मंजूर. पुढच्या सिनेमाचंही तिनं बोलून ठेवलं. त्यात म्हणे सबंध वेळ नवरा एकटाच असणार, म्हणजे सबंध वेळ तोच. अठ्ठावीस वर्षांची मुलगी, डोक्यात सतत सिनेमा, जेवताना ताटातली वाटीसुद्धा ती चौकटीत बघायची. तिला वाटत होतं की खांबकाकांच्या हातात कला आहे. तो तिला खोटं सांगत नव्हता, नुसता गप्प राहत होता. घरी मात्र एक गोष्ट झाली. रविवारी सकाळी बायकोनं चहा आणून ठेवला. तिचं कपडे दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, तिचा सगळा वेळ सुई-दोऱ्यात जातो आणि बोलणंही टाके घातल्यासारखं, नेमकं. तिनं ठेवलेला कप अर्धाच भरलेला होता. तो निमूट प्याला. ती आली, कप उचलला, आत गेली आणि उरलेला अर्धा भरून आणला. त्याच्याकडं बघितलं नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं पान उलटलं आणि अंघोळीला गेली. म्हणजे हिला दिसलंय, असं त्याच्या मनात आलं. पाठोपाठ दुसरं आलं: मग बोलत का नाही? त्याचं उत्तर त्याच्याकडं होतं. तो तरी कुठं बोलत होता?

मग सज्जाचा प्रसंग आला. सिनेमातली बायको झपाटल्यासारखी सज्जाच्या कठड्याशी जाते, मागं कलते, आणि नवरा एका हातानं कॅमेरा धरून दुसऱ्यानं तिचं कोपर पकडतो. तिसरा मजला. कठडा कमरेच्या वर होता, खाली माणसं उभी होती, भीतीचं काही नव्हतं असं सगळ्यांचं म्हणणं. त्यानं डाव्या हातानं कोपर धरलं आणि हात खरोखर घट्ट राहिला. पकडलं की थरथर कमी होते, हे त्याला तोवर कळलं होतं. प्रसंग छान झाला. नटी आत येऊन कोपर चोळत म्हणाली, काका, बोटं उमटली हो. सगळे हसले. घरी जाताना तो दोन थांबे आधी उतरला आणि चालत गेला. काही झालं नव्हतं. काही झालं नाही, काही झालं नाही, असं तो पावलागणिक म्हणत होता, आणि म्हणता म्हणता त्याच्या लक्षात आलं की जे झालं नाही ते आपल्याला अगदी तपशीलवार दिसतंय: कुठल्या बाजूनं, किती सेकंदांत, खाली कोण उभं होतं. कॅमेरा तेव्हाही चालूच राहिला असता.

दुसऱ्या दिवशी जिन्याचा शेवटचा प्रसंग होता. नटीनं कठड्याबाहेर, हातभर रुंदीच्या कडेवर उभं राहायचं आणि दोन मजल्यांच्या पोकळीवर मागं झुकायचं. नवऱ्यानं तिचं मनगट धरलेलं. तिच्या कपड्यांखाली पट्टा, पट्ट्याला दोर, दोर वर तुळईला बांधलेला आणि त्याचं टोक व्यवस्थापकाच्या हातात. खाली दोन गाद्या. दोर चित्रात दिसू नये म्हणून सैल ठेवायचा, म्हणजे भार मनगटावरच येणार. अकरा वाजले होते. जिन्याच्या खिडक्यांना कागद लावलेला होता आणि एका कोपऱ्यात तो सुटून उन्हाची एक बारीक रेघ पायऱ्यांवर पडली होती. प्रकाशवाला ती बुजवायला चढला होता. नटीनं कठड्यावरून एक पाय पलीकडं टाकला आणि हात पुढं केला, सहज, दुकानात सुट्टे पैसे घ्यायला करतात तसा. तिच्या कोपरावर कालच्या बोटांचे चार निळे डाग होते.

त्यानं हात धरला नाही. कॅमेरा खाली पायरीवर ठेवला. म्हणाला, “पाय आत घे. माझ्या हाताचा भरवसा नाही.”

दिग्दर्शिकेला वाटलं, त्याला दोर आणखी आवळून हवाय. ती व्यवस्थापकाला तसं सांगू लागली. तेव्हा त्यानं खिशातून डावा हात काढला आणि सगळ्यांसमोर धरला. अंगठा आणि बोट आपलं काम करत होती. व्यवस्थापकानं मान खाली घातली, शिडीवरचा प्रकाशवाला कागद हातात धरून तसाच थांबला. दिग्दर्शिका आधी हाताकडं आणि मग त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. तिच्या डोक्यात एकेक प्रसंग उलटा फिरतोय हे त्याला दिसत होतं. माळा, कपाट, स्वयंपाकघर. नटीनं पाय आत घेतला. तिचा आवाज चढला नाही.

“काल सज्जात तुम्हाला हे माहीत होतं?”

“होतं.”

“कधीपासून?”

“तीन आठवडे.”

पट्ट्याच्या बक्कलापर्यंत नटीचा हात मागं पोचेना, तर कुणाची मदत न घेता ओढून ओढून तिनं ते सोडवलं आणि वर घरात निघून गेली. दार लागल्याचा आवाज आला. तो पायरीवर बसला. माफ कर म्हणायचं राहिलंच, हे त्याच्या ध्यानात आलं. पण ते आता दाराबाहेरून म्हणण्यासारखं नव्हतं. आपल्याला हलकं वाटेल असं त्याला वाटलं होतं. हलकं वाटलं नाही. एखादी जड वस्तू एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतल्यावर जेवढा बदल वाटतो, तेवढाच वाटला.

पाऊण तासानं नटी खाली आली. तिनं दिग्दर्शिकेला सांगितलं की प्रसंग करते, पण दोर ताणून पक्का बांधलेला पाहिजे, दिसला तर दिसू दे. आणि मनगट व्यवस्थापक धरतील. दिग्दर्शिका म्हणाली, दोर मी मागाहून चित्रातून पुसून टाकीन. मग प्रश्न आला कॅमेऱ्याचा. दुसरं कुणी नव्हतं. शेवटी दिग्दर्शिकेनंच तो उचलला. खांबानं अंगातला नवऱ्याचा चौकड्यांचा शर्ट काढून व्यवस्थापकाला दिला. बाही त्याला आखूड झाली. पहिला टेक वाया गेला. ती कॅमेरा पाखडत होती. दुसराही गेला. तिसऱ्याला ती रडकुंडीला येऊन त्याच्याकडं वळली. बनियनवर पायरीवर बसलेल्या त्या माणसाला काय विचारावं हे तिला कळेना, आणि विचारल्यावाचून गत्यंतरही नव्हतं.

तो उठला. तिच्या मागं उभा राहून त्यानं तिची कोपरं बरगड्यांशी टेकवली. म्हणाला, “तू हलवतेयस. घाबरलेला माणूस हलवत नाही. तो स्थिर धरायचा प्रयत्न करतो. तेवढंच कर, जिवाच्या आकांतानं स्थिर धर.”

चौथा टेक जमला. तो सबंध वेळ चित्राकडं बघत नव्हता, व्यवस्थापकाच्या मनगटाकडं बघत होता. जाड, केसाळ, कुणीही ओळखील असं वेगळं मनगट. सिनेमात ते कुणाच्याही लक्षात येणार नाही हे त्याला माहीत होतं. नटी कठड्याआत आली, पायरीवर बसली, दोन्ही हातांनी गुडघे धरून बसली. थोड्या वेळानं, त्याच्याकडं न बघता, तिनं विचारलं की डॉक्टर काय म्हणाले. तो म्हणाला की अजून गेलो नाही. तेव्हा मात्र तिनं बघितलं. तिच्या बघण्यात क्षमा नव्हती. असा कसा माणूस, एवढंच होतं. “जा मग,” ती म्हणाली.

त्यानं तिथूनच बायकोला दुकानात फोन लावला. मागं शिवणयंत्र चालू होतं. डॉक्टरकडं जायचंय, हाताचं, असं तो म्हणाला. यंत्र थांबलं. तिनं ‘कुठल्या हाताचं’ असं विचारलं नाही. आज संध्याकाळी जमेल का, एवढंच विचारलं आणि कुठल्या डॉक्टरकडं ते तिनंच सांगितलं.

नसांचे डॉक्टर वयानं त्याच्यापेक्षा लहान होते. त्यांनी त्याला खोलीत इकडून तिकडं चालायला लावलं, वळायला लावलं, बोटं उघडमीट करायला लावली. कागदावर गोगलगायीच्या पाठीसारखं वेटोळं काढायला लावलं. डाव्या हाताचं वेटोळं काठाला दातेरी निघालं. त्यानं ते कौतुकानं बघितल्यासारखं बघितलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते त्यानं आधी कुठं कुठं ऐकलेलं होतं. बरा होत नाही, पण गोळ्यांनी पुष्कळ वर्षं आवरता येतो, असं ते शांतपणे म्हणाले. कॅमेरा धरता येईल का, हे त्यानं विचारलं. काही दिवस येईल, काही दिवस नाही, आणि कुठला दिवस कुठला ते सकाळी कळेल, असं उत्तर मिळालं. त्याला ते पटलं. एवढं सरळ उत्तर त्यानं स्वतःला दिलं नव्हतं. मग डॉक्टरांनी पेन घेतलं आणि कधीपासून होतंय ते विचारलं. तो म्हणाला, तीन आठवडे. डॉक्टरांनी लिहून घेतलं.

“दीड वर्ष,” बायको म्हणाली.

ती समोरच्या भिंतीकडं बघत होती. मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात, आवाज दुकानात गिऱ्हाईकाला माप सांगते तोच. ती म्हणाली की गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात ते शर्टाची गुंडी लावताना दिसलं, तेव्हापासून. झोपेत नसायचं, जागेपणी असायचं. तो तिच्याकडं बघत राहिला. दीड वर्षात त्यानं दोन सिनेमे केले होते, हा तिसरा. त्या दोन सिनेमांतल्या थरथरीबद्दल एका वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या होत्या. कात्रण त्यानं जपून ठेवलं होतं. त्यातली किती त्यानं केली होती आणि किती नुसती झाली होती, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं, त्यालाही नाही. माळ्यावरच्या प्रसंगाबद्दल त्याला थोडी खात्री वाटली. मग तीही वाटेना. त्यानं बायकोला विचारलं, की मग बोलली का नाहीस. ती म्हणाली, “तुम्हाला काम मिळत होतं. आनंदात होतात.”

डॉक्टरांनी थोडा वेळ दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं, मग कागद जवळ ओढला, तीन आठवडे खोडलं आणि वर दीड वर्ष लिहिलं.